टर्निटिनमध्ये किती टक्के साम्य चालतं? मास्टर्सला परदेशात आलोय, पहिलंच सेमिस्टर आहे. अभ्यास झेपेल का? असं एकाने विचारलंय. (टर्निटिन म्हणजे जमा केलेल्या पेपरातला मजकूर जुळवून बघणारं सॉफ्टवेअर.)

दुसरा भाग आधी उरकतो. झेपेल. फक्त वेळापत्रकावर जाऊ नका. युरोपात एक ईसीटीएस क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजायचं तिथलं माप) म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. वर्ग, वाचन, परीक्षेची तयारी, सगळं त्यात धरलेलं असतं. सहा क्रेडिटचा विषय दीडशे ते एकशे ऐंशी तास खातो. आठवड्यात चारच तास वर्ग दिसतो म्हणून बाकीचा वेळ मोकळा समजणारे पहिल्याच सत्रात आपटतात. ब्रिटनमध्ये मास्टर्सला साधारणपणे ५० ला पास आणि ७० ला डिस्टिंक्शन, तेव्हा ६२ पडले म्हणून रडत बसू नका. जर्मनीत गणित उलटं: १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास.

आता टक्के. हा प्रश्न दर सत्राला येतो, आणि दर वेळी खाली कुणीतरी सीनियर लिहितोच, "१५ च्या खाली आण, टेन्शन नको." हा सल्ला चुकीचा आहे. त्याच्या नादाने चांगली मुलं चौकशीला उभी राहिलेली आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

टर्निटिन चोरी पकडत नाही, मजकूर जुळवतं. इंटरनेट, जर्नलं आणि आधी जमा झालेले विद्यार्थ्यांचे पेपर यांच्याशी तुमचा किती मजकूर जुळतो, एवढंच तो आकडा सांगतो. २४ टक्क्यांपर्यंत रंग हिरवा, ७५ पासून पुढे लाल. हिरवा म्हणजे सुटलो, असं कुठेही लिहिलेलं नाही. तपासणारा आकड्यावर थांबत नाही, रिपोर्ट उघडून स्रोतांची यादी बघतो. तीस टक्के आहेत, पण एकेक टक्क्याचे तुकडे आहेत आणि ते संदर्भसूची, असाइनमेंटचा छापील प्रश्न, कव्हर शीटवरचं घोषणापत्र असल्या ठिकाणचे आहेत, तर कुणी ढुंकूनही बघत नाही. नऊच टक्के आहेत, पण ते एकाच लेखातले सलग दोन परिच्छेद आहेत, तर बोलावणं येतं.

आणि शून्य टक्क्यालाही बोलावणं येऊ शकतं. हे पाहा. मूळ लेखातलं वाक्य: "शहरांतील तापमान वाढण्याचे प्रमुख कारण म्हणजे झाडांची जागा घेणारे काँक्रीट, ते दिवसा उष्णता साठवते आणि रात्री सोडते." विद्यार्थ्याचं वाक्य: "नगरांमधील उष्मा वाढण्याचे मुख्य कारण म्हणजे वृक्षांची जागा घेणारे सिमेंट, ते दिवसभर ऊब साठवते आणि रात्री बाहेर टाकते." सॉफ्टवेअरला यात फार काही सापडणार नाही. विषय शिकवणाऱ्याला मात्र पहिल्या वाचनात कळतं, कारण वाक्याचा सांगाडा, मुद्द्यांचा क्रम आणि तो स्वल्पविरामसुद्धा तसाच आहे. शेवटी लेखकाचं नाव आणि साल टाकलं, तरी हे कच्चंच काम. नाव टाकलं नाही, तर सरळ चोरी. पॅराफ्रेजिंग टूल हेच करतं, फक्त वेगाने.

उपाय कंटाळवाणा आहे. परिच्छेद वाचा, पीडीएफ बंद करा, मुद्दा स्वतःच्या वाक्यात लिहा, मग उघडून ताडून पाहा आणि संदर्भ तिथल्या तिथे द्या. शब्द तुमचे असले तरी कल्पना त्यांची आहे, संदर्भ लागतोच. जसंच्या तसं उचललेलं वाक्य अवतरणचिन्हांत, पान क्रमांकासह. एपीए या संदर्भ देण्याच्या पद्धतीत अवतरण ४० शब्दांचं किंवा मोठं असेल, तर वेगळा परिच्छेद. नोट्समध्ये कॉपी-पेस्ट करायचंच असेल, तर त्याला वेगळा रंग द्या. तीन आठवड्यांनी आपलं वाक्य कुठलं आणि लेखकाचं कुठलं हे कुणालाच आठवत नाही, आणि बरीच प्रकरणं तिथेच जन्मतात. संदर्भ सांभाळणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पहिल्या दिवसापासून वापरा. पण त्याने आपोआप उचललेली माहिती नजरेखालून घाला. कुठे साल गायब असतं, कुठे अख्खं शीर्षक कॅपिटलमध्ये.

अपलोड शेवटच्या रात्री करू नका. पुन्हा जमा करायची मुभा असेल, तर पहिले तीन रिपोर्ट लवकर येतात, पुढच्याला २४ तास लागतात. मित्राच्या विद्यापीठाच्या लॉगिनवरून "चेक" करून घेणं तर सोडूनच द्या. तुमचा मसुदा तिथे साठवला गेला, तर तुमचाच अंतिम पेपर दुसऱ्या संस्थेतल्या पेपरशी जवळजवळ पूर्ण जुळलेला दिसतो.

सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती "भावा, तुझी असाइनमेंट नुसतं फॉरमॅट बघायला दे" या वाक्यात. देऊ नका. बऱ्याच ठिकाणी देणारा आणि घेणारा दोघांनाही दोषी धरतात. कोडिंगची असाइनमेंट असेल, तर स्टॅनफर्डचं मॉस हे सॉफ्टवेअर १९९४ पासून कोडमधलं साम्य शोधतंय. व्हेरिएबलची नावं बदलली, कॉमेंट उडवल्या, फंक्शनं वरखाली केली, तरी प्रोग्रॅमचं साम्य त्याला दिसतं. फॉरमॅट हवा असेल, तर प्राध्यापकांच्या ऑफिस अवरमध्ये जाऊन नमुना मागा. तो वेळ त्यासाठीच राखलेला असतो आणि आपली मुलं तिथे फिरकत नाहीत.

एप्रिल २०२३ पासून टर्निटिनमध्ये एआयने लिहिलेल्या मजकुराचा अंदाजही आला. तो वेगळा आकडा आहे, साम्यात मिळवलेला नाही, आणि तो चुकतोही. म्हणून व्हर्जन हिस्टरी (जुने मसुदे जपून ठेवणारी सोय) चालू ठेवून लिहा. उद्या विचारलंच, तर मसुदे आणि नोट्स दाखवता येतात.

सीनियर मंडळींच्या डोक्यात टक्क्यांची मर्यादा येते कुठून, तेही सांगतो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही आणि त्यापुढे पायऱ्या आहेत. तो नियम भारतातला. तो डोक्यात घेऊन विमानात बसायचं आणि तिकडच्या विद्यापीठालाही लावायचा, हे कुणी सांगितलं? तुमच्या कोर्सच्या हँडबुकात आकडा नसेल, तर आकडा नाही, विषय संपला.

हो, काही विभाग किंवा एखादे प्राध्यापक आकडा ठरवून देतात. प्रबंधाला तर बऱ्याचदा वेगळे नियम असतात. दिला असेल तर तो पाळा. कायद्यासारख्या विषयात कलमं आणि निकाल उद्धृत करावेच लागतात, तिथे टक्के चढणारच. आणि जमा केल्यावर डिजिटल पावती उतरवून ठेवा. पोर्टल अडकलं, तर तेवढाच पुरावा हातात असतो.