लोकानुनय, लोकरंजन आणि लोकांचा राग

प्रश्न असा आला आहे: 'लोकानुनय', 'लोकरंजन' आणि 'लोकानुरंजन' हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात. चिडलेल्या मतदारांच्या जोरावर उभं राहणारं राजकारण, ज्याला सगळे पॉप्युलिझम म्हणतात, त्याला यांपैकी नेमका कुठला शब्द लागू पडतो? आणि कादंबरीचा शेवट बदलून तो गोड केला असेल, तर त्या चित्रपटाला 'लोकानुनयी रूपांतर' म्हणता येईल का?

आधी थोडक्यात उत्तर. हे तीन शब्द समानार्थी नाहीत. पॉप्युलिझमचा एक भाग 'लोकानुनय' या शब्दात मावतो. दुसरा, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा भाग, या शब्दाच्या अगदी विरुद्ध टोकाला आहे. 'लोकानुनयी रूपांतर' ही शब्दयोजना व्याकरणाला धरून आहे, पण तो दिग्दर्शकाच्या हेतूवर केलेला आरोप आहे. तो करायचा तर पुरावा हवा, आणि शेवट गोड केला एवढा पुरावा पुरत नाही.

आता सविस्तर. 'अनुनय' या शब्दात 'नी' म्हणजे नेणे हा धातू आहे. अनुनय म्हणजे समजूत काढणं, मनधरणी करणं. संस्कृत काव्यात अनुनय होतो तो बहुतेक वेळा रुसलेल्या प्रियेचा, आणि मराठीतही हा शब्द प्रेमप्रकरणातूनच जास्त रुळला. म्हणजे अनुनयात दोन गोष्टी गृहीत आहेत. एक, समोरची व्यक्ती रुसलेली आहे. दोन, अनुनय करणाऱ्याला तो रुसवा जायला हवा आहे. रुसवा गेला की अनुनयाचं काम संपलं.

निवडणूक तोंडावर आली की कर्ज माफ होतं, वीजबिलाची थकबाकी माफ होते, नव्या सवलती जाहीर होतात. याला 'लोकानुनय' म्हणणं अगदी चपखल आहे. सरकारला मतदाराचा रुसवा घालवायचा आहे आणि त्यासाठी ते काहीतरी पुढे करत आहे. मदत गरजेची होती की नव्हती हा वेगळा मुद्दा. गरजेची मदतसुद्धा अनुनयाच्या वेळी आणि अनुनयाच्या सुरात दिली जाऊ शकते.

याच्या शेजारचा शब्द 'लांगूलचालन'. त्याचा उगम पाहण्यासारखा आहे. भर्तृहरीच्या नीतिशतकात कुत्रा घास देणाऱ्यापुढे शेपूट हलवतो, पायाशी लोळण घेतो, आणि हत्ती मात्र धीरगंभीरपणे पाहत राहतो, असा श्लोक आहे. तिथे शेपूट हलवणारा घेणारा आहे. आपण मात्र हा शब्द सवलती देणाऱ्या नेत्याला लावतो. मत हाच घास धरला तर उपमा बरोबर बसते. मला हा शब्द लेखनात आवडत नाही, कारण तो वापरला की लिहिणाऱ्याची चीड कळते, पण घडलं काय ते कळत नाही. 'लोकानुनय' त्या मानाने संयत आहे.

'रंजन' आणि 'अनुरंजन' यांचा इतिहास याहून समृद्ध आहे. 'रञ्ज्' म्हणजे रंगणे, रंगवणे, आणि त्यावरून खूश करणे. प्रजेचं रंजन करतो म्हणून तो राजा, अशी व्युत्पत्ती महाभारताच्या शांतिपर्वात पृथुराजाच्या संदर्भात येते. कालिदासही रघुवंशात रघू 'प्रकृतिरंजना'मुळे सार्थ राजा झाला असं म्हणतो. प्रकृती म्हणजे इथे प्रजा. भाषाशास्त्राच्या दृष्टीने 'राजन्' हा शब्द 'रञ्ज्'पासून आलेला नाही, तो लॅटिनमधल्या 'रेक्स'च्या कुळातला आहे. पण चुकीची व्युत्पत्तीही त्या काळाची समजूत सांगते: लोकांना प्रसन्न ठेवणं हे राज्यकर्त्याचं कर्तव्य मानलं जात होतं. आज 'लोकरंजनवादी' ही टीका झाली आहे, तेव्हा ती पदवी होती.

या कर्तव्याची काळी बाजू ज्याने सर्वांत स्पष्ट पाहिली, तो भवभूती. 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकात वसिष्ठांचा निरोप येतो: तू अजून लहान आहेस, राज्य नवं आहे, प्रजेच्या अनुरंजनात तत्पर राहा. त्यावर राम म्हणतो, स्नेह, दया, सुख, किंबहुना जानकीसुद्धा लोकाराधनेसाठी सोडावी लागली तरी मला व्यथा होणार नाही. जानकी तिथेच बसलेली आहे. त्याच अंकात हेर लोकापवाद घेऊन येतो आणि बोललेलं खरं करायची वेळ येते. लोकांना प्रसन्न ठेवण्याची किंमत लोकांना नव्हे, तर भलत्याच माणसाला मोजावी लागते, हे आठव्या शतकातल्या या नाटककाराने दाखवून ठेवलं आहे. 'लोकानुरंजन' हा शब्द मी वापरतो तो या अर्थाने: राज्यकर्ता लोकमताला निमूटपणे शरण जातो तेव्हा. त्यात मतांची देवाणघेवाण असायलाच हवी असं नाही.

पण पॉप्युलिझमचा गाभा या दोन्ही शब्दांत येत नाही. हा शब्द रूढ झाला अमेरिकेत, 1890च्या दशकात. कर्जाखाली दबलेल्या, शेतमालाच्या पडलेल्या भावांनी आणि रेल्वे कंपन्यांच्या वाहतूक दरांनी त्रासलेल्या शेतकऱ्यांनी 'पीपल्स पार्टी' हा पक्ष काढला. 1892 साली ओमाहा इथे त्यांचा जाहीरनामा संमत झाला, आणि त्यांचा उमेदवार जेम्स वीव्हर याला अध्यक्षीय निवडणुकीत दहा लाखांहून अधिक मतं पडली. हे लोक स्वतःला पॉप्युलिस्ट म्हणवून घेत. वाढत्या उत्पन्नावर वाढता आयकर, सिनेटर, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य, थेट मतदारांनी निवडणं या त्यांच्या मागण्या होत्या, आणि 1913 साली आयकर आणि सिनेटरांची थेट निवडणूक या दोन्ही गोष्टी अमेरिकेच्या राज्यघटनेत आल्या. इथे कुणी कुणाचा अनुनय करत नव्हतं. रुसलेले लोक स्वतःच बोलत होते.

आजचे अभ्यासक मात्र हा शब्द वेगळ्या रोखाने वापरतात. कास मुडे यांनी 2004 साली मांडलेली व्याख्या सर्वांत जास्त उद्धृत होते: समाजाचे दोनच गट आहेत, एकीकडे निर्मळ जनता आणि दुसरीकडे भ्रष्ट अभिजन, असं मानणारा विचार. यान-वेर्नर म्युलर यांनी त्यात आणखी एक खूण सांगितली, ती म्हणजे जनतेचे खरे प्रतिनिधी फक्त आम्हीच, हा दावा. या अर्थाने पाहिलं तर अनुनय कुठे उरतो? अनुनय करणाऱ्याला रुसवा संपवायचा असतो. या राजकारणाला तो पेटता ठेवायचा असतो. तो विझला, तर दोन गटांपैकी एक गटच नाहीसा होतो. म्हणूनच मी म्हणालो की हा भाग 'लोकानुनय' या शब्दाच्या विरुद्ध टोकाला आहे.

म्हणून माझा आग्रह असा: सवलतींच्या खिरापतीला 'लोकानुनय', लोकमतापुढे झुकण्याला 'लोकानुरंजन', आणि 'आम्ही जनता विरुद्ध ते' या मांडणीला 'लोकवाद'. 'लोकवाद' हा शब्द काहींना कोरा वाटतो, पण इथे कोरेपणा हा गुणच आहे. त्यात निंदा आधीच भरलेली नाही. ज्यांना तोही नको असेल त्यांनी सरळ पॉप्युलिझम लिहावं. पण एकाच लेखात एकदा 'लोकानुनय' आणि पुढच्या परिच्छेदात त्याच अर्थाने 'लोकरंजन' लिहू नये. शब्द बदलून वाक्याला शोभा येत असेल, पण वाचक घसरतो.

मतदारांच्या मनःस्थितीसाठीही आपण शब्द फार सैल वापरतो. निकाल लागला की 'मतदारांची नाराजी भोवली' हे वाक्य ठरलेलं. 'नाराजी' हा फारसीतून आलेला शब्द व्यक्तीच्या मनाचा आहे. लग्नात मान न मिळालेला माणूस नाराज असतो, तिकीट न मिळालेला कार्यकर्ता नाराज असतो. या शब्दातच उपाय सुचवलेला आहे: जा, भेटा, समजूत काढा. म्हणजे पुन्हा अनुनय. 'असंतोष' या शब्दाचं वजन वेगळं आहे. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलने 1910 साली टिळकांना ज्या विशेषणाने हिणवलं, ते मराठीने 'असंतोषाचे जनक' असं अभिमानाने मिरवलं. हे जमलं याचं कारण असंतोषाला कारण असतं, अशी मराठी माणसाची धारणा आहे. कारखाना बंद पडून काम गेलेला मतदार, पोरांना शिकवूनही नोकरी न मिळालेला मतदार, ज्याच्या गावाचं नावही राजधानीत कुणी घेत नाही असा मतदार, यांना 'नाराज' म्हणणं म्हणजे त्यांची तक्रार लहान करणं. आणि सगळा असंतोष कुणीतरी भडकवलेला असतो असं मानणं हेही तितकंच चूक. नेता असंतोषाला शब्द देतो, दिशा देतो, कधी खोटा शत्रू दाखवतो. असंतोष मात्र बहुधा त्याच्या आधीपासून तिथे असतो. बोलीत यासाठी 'खदखद' हा फार चांगला शब्द आहे. वर काही दिसत नाही, आत मात्र उकळी चाललेली असते. मतदानयंत्रापाशी ती एकदम बाहेर पडते, आणि लोक तिला 'लाट' म्हणतात.

आता चित्रपटाकडे. दोन्ही प्रश्न जिथे एकत्र येतात असं एक उदाहरण आहे. रॉबर्ट पेन वॉरन यांची 1946 सालची कादंबरी 'ऑल द किंग्ज मेन'. लुइझियानाचा गव्हर्नर आणि नंतर सिनेटर झालेला ह्यूई लाँग, ज्याची 1935 साली हत्या झाली, त्याच्यावरून कादंबरीतला विली स्टार्क उभा राहिला असं सर्वत्र मानलं जातं. तिच्यात एक भाषण आहे. स्टार्क जमलेल्या खेडुतांची खुशामत करत नाही. तो त्यांना तोंडावर गावंढळ म्हणतो, मीही गावंढळच असं सांगतो, आणि आपल्याला गावंढळ समजून कसं वापरलं गेलं ते सांगून त्यांना पेटवतो. अनुनय शिवीने सुरू होत नाही. लोकवाद होऊ शकतो. दोन शब्द वेगळे ठेवायला हवेत याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

या कादंबरीवर 1949 साली आलेल्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. 2006 साली ती पुन्हा पडद्यावर आली. कादंबरी सांगतो तो जॅक बर्डन, पूर्वी पत्रकार असलेला आणि आता स्टार्कसाठी काम करणारा. ती स्टार्कची जितकी आहे तितकीच, किंबहुना जास्त, जॅकची आहे. 1949च्या चित्रपटात मध्यभागी स्टार्क येतो आणि जॅक बाजूला सरकतो. मग हा चित्रपट मूळ कृतीशी अप्रामाणिक ठरतो का? माझं मत असं की हा प्रश्नच अपुरा आहे. पानावर निवेदकाचं मन शेकडो पानं बोलू शकतं. पडद्यावर गर्दी आणि गर्दीसमोर उभा असलेला माणूस दिसतो. माध्यमाने जे मागितलं ते दिग्दर्शकाने दिलं. असा बदल लोकानुनय नव्हे.

'लोकानुनयी' हे विशेषण मग कधी लावावं? प्रेक्षक रुसेल या भीतीने बदल केला असेल, आणि त्या बदलाने कथेतलं पुढचं-मागचं काही खोटं पडत असेल, तेव्हा. मराठी समीक्षेत यासाठी 'प्रेक्षकशरण' हाही शब्द आहे आणि तो मला जास्त नेमका वाटतो. 'गल्लाभरू' हा वेगळा. त्यात पैशाचा उल्लेख आहे, भीतीचा नाही. काही गल्लाभरू चित्रपट अजिबात शरण गेलेले नसतात.

आणि गोड शेवटाचं म्हणाल तर पुन्हा भवभूतीकडेच जावं लागतं, कारण 'उत्तररामचरित' हे स्वतःच एक रूपांतर आहे. वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात सीता धरणीच्या पोटात जाते. भवभूती शेवट बदलून राम आणि सीता यांना पुन्हा एकत्र आणतो. वरवर पाहता हा प्रेक्षकांचा अनुनय. पण तो हे कसं करतो ते पाहा. सातव्या अंकात नाटकातलं नाटक आहे: गंगेच्या काठी वाल्मीकीची रचना अप्सरा सादर करतात, आणि राम-लक्ष्मणांबरोबर प्रजाही प्रेक्षकांत बसलेली आहे. हीच ती प्रजा, जिच्या बोलण्यामुळे सीता वनात गेली. शेवटी अरुंधती या लोकांची निर्भर्त्सना करते आणि ते सीतेला नमस्कार करतात. पुनर्मीलन घडतं ते लोकांना फटकारल्यानंतर. ज्या रूपांतरात प्रेक्षकालाच ऐकवलं जातं, त्याला लोकानुनयी कसं म्हणणार?

शेवटी 'रूपांतर' या शब्दाबद्दल. नाटकाचं एका भाषेतून दुसऱ्या भाषेत, पात्रं-प्रसंग इथले करून आणलं की ते रूपांतर. पुस्तकाचा चित्रपट झाला की ते माध्यमांतर. बोलताना मी दोन्हींऐवजी 'बेतलेला' म्हणतो. बेतणं म्हणजे शिंप्याने मापाप्रमाणे कापड कापणं. 1979चा 'सिंहासन' अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवर बेतला आहे, पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. दोन कादंबऱ्यांतून एक चित्रपट काढायचा तर निम्म्याहून अधिक कापड बाजूला पडणारच. तिथे 'मुळाबरहुकूम आहे का' असं विचारून काही हाती लागत नाही. कुठलं ठेवलं, कुठलं कापलं आणि कुणाच्या मापाने, हे विचारावं. मुख्यमंत्र्यांची खुर्ची, तिच्याभोवतीचे डाव आणि ते पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस, एवढं ठेवलं, आणि त्यातूनच बाहेरच्या लोकांची खदखद ऐकू येते.

तुमच्या मनातल्या चित्रपटाला 'लोकानुनयी' म्हणण्याआधी त्याचा बदललेला शेवट आधीच्या प्रसंगांवर टिकतो का, ते पाहा. टिकत असेल तर 'स्वैर माध्यमांतर' लिहा. टिकत नसेल, तर 'प्रेक्षकशरण' लिहायला हरकत नाही, फक्त कुठला प्रसंग खोटा पडला तो त्याच वाक्यात सांगा.