जर्मनीची ऑफर आहे, इकडे कपात चालू आहे, येऊ का?

भावा, तुझं म्हणणं असं की सातारा एमआयडीसीत तुमचा ओव्हरटाइम बंद झालाय, कंत्राटी पोरांना घरी बसवलंय, आणि हातात स्टुटगार्टजवळच्या गिअरबॉक्सचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीची ऑफर आहे. राजीनामा टाकू का?

मंदी चुकवायला येणार असशील तर मुक्काम चुकलाय. मी इथं जर्मनीत याच धंद्यात आहे. गिअरबॉक्स बनवणाऱ्या झेडएफ कंपनीनं २०२४ मध्ये जाहीर केलं की २०२८ पर्यंत जर्मनीतल्या ११ ते १४ हजार जागा कमी करणार. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या बॉशनं २०२५ मध्ये आणखी सुमारे १३ हजारांचा आकडा सांगितला. इलेक्ट्रिक गाडीला तो जुना गिअरबॉक्स लागत नाही, आणि इलेक्ट्रिक गाड्याही धरल्या होत्या तेवढ्या खपल्या नाहीत. दोन्हीकडून मार.

इथं एकदम गेट बंद करत नाहीत. आधी ‘कुर्झआर्बाइट’, म्हणजे कामाचे तास कमी. बुडालेल्या निव्वळ पगाराचे ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के बेरोजगारी विम्यातून मिळतात. आमच्याकडे सध्या शुक्रवारी लाइन बंद असते, एरवी धडधडणाऱ्या व्हीएमसी मशीनवर प्लास्टिक टाकलेलं. तेवढ्यानं भागलं नाही तर काढायच्या माणसांची यादी निघते. त्यात कायद्यानं चार गोष्टी बघतात: नोकरीची वर्षं, वय, पदरात किती माणसं आणि अपंगत्व. तू सव्वीसचा, सडाफटिंग, नवा. समजलास ना कुणाचं नाव वर येणार? त्यातून पहिले सहा महिने बहुतेक प्रोबेशन, तेव्हा दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येतं. बेरोजगार भत्त्यासाठी आधीच्या ३० महिन्यांत १२ महिने विमा भरलेला लागतो. ब्लू कार्डावर, म्हणजे शिकलेल्या परदेशी माणसाच्या नोकरीच्या परवान्यावर, असताना नोकरी गेली की दुसरी शोधायला साधारण तीन महिने मिळतात. तोवर घरभाडं चालूच.

येऊच नको असं नाही. एचआरला मेल टाकून विचार: माझ्या लाइनवरचा पार्ट कशाचा? ब्रेक, स्टिअरिंग, सीट असेल तर बरं, ते इलेक्ट्रिक गाडीलाही लागतात. नुसत्या डिझेल इंजिनाचा असेल तर मी तरी आलो नसतो. कॉन्ट्रॅक्ट मुदतीचं आहे की कायम, तेही विचार. जर्मन भाषा बी-वनपर्यंत, म्हणजे रोजचं बोलणं कळेल एवढ्या पातळीपर्यंत कर, कारण शिफ्ट बदलताना फोरमन जे सांगून जातो ते इंग्रजीत नसतं.

आणि कंपनीनं स्वतः ऑफर दिली असताना कुठल्या एजंटासाठी वडिलांचं उसाचं रान तारण ठेवू नकोस. ब्लू कार्डाचा अर्ज आपला आपल्याला भरता येतो.

कॉन्ट्रॅक्टचं प्रोबेशन आणि नोटिशीचं पान मला पाठव, वाचून सांगतो. तोवर राजीनामा देऊ नकोस.