युरोपातल्या संस्था युरोपीय सिनेमाला पैसे का पुरवतात? लोकांना आवडला तर तो आपोआप चालणार नाही का?

नाही चालणार, कारण तिथली एकेका भाषेची बाजारपेठच फार लहान आहे. स्लोव्हेनियाची लोकसंख्या जेमतेम २१ लाख, म्हणजे आपल्या पुण्याहूनही कमी. तेवढ्या प्रेक्षकांत निर्मितीचा खर्च निघत नाही आणि शेजारच्या देशात भाषा बदलते. हॉलिवूडचा खर्च मात्र घरच्या बाजारातच बराचसा वसूल झालेला असतो. दुसरं कारण उघड सांस्कृतिक आहे: १९९३ च्या गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या वाटाघाटींत फ्रान्सने सिनेमा हा इतर मालासारखा माल नाही, हा मुद्दा लावून धरला.

फ्रान्सची युक्ती मला सगळ्यात हुशार वाटते. तिथे प्रत्येक तिकिटावर १०.७२ टक्के कर लागतो, म्हणजे दहा युरोच्या तिकिटामागे साधारण एक युरो सात सेंट. सिनेमा अमेरिकन असला तरी सूट नाही. हा पैसा १९४६ पासून चालत आलेल्या सीएनसी या सरकारी सिनेमा संस्थेमार्फत पुन्हा सिनेमाच्याच धंद्यात फिरतो. थोडक्यात, हॉलिवूडच्या गर्दीतून फ्रेंच सिनेमाला हातभार.

युरोपीय संघाचा १९९१ पासूनचा 'मीडिया' कार्यक्रम सिनेमा सीमेपलीकडे नेण्यावर जास्त भर देतो: वितरण, महोत्सव, थिएटरांना मदत. युरोपीय संसदेच्या लक्स पुरस्काराच्या अंतिम फेरीतल्या सिनेमांना तर संघाच्या २४ अधिकृत भाषांत सबटायटल्स मिळतात.

पण अनुदानाने सिनेमा तयार होतो, प्रेक्षक येतीलच असं नाही. मदत मिळालेले कितीतरी सिनेमे मायदेशाबाहेर कुणी पाहत नाही.