काळोख रंगवताना

प्रश्न : 'विश्वासघात' या विषयावर ३ × ४ फुटांचे तैलचित्र करते आहे. एक मित्र दुसऱ्याच्या पाठीशी सुरी लपवून उभा, अशी रचना केली. पण ती पोस्टरसारखी दिसते. शिवाय मागचा काळोख वाळल्यावर कुठे चकचकीत, कुठे राखेसारखा मळकट झाला. काय चुकले?
– कलाशाखेची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : सुरी दिसली की सगळे कळते आणि नजर पुढे सरकते. घात करणारा माणूस आधी जवळ येतो, ती जवळीक रंगवा. इटालियन चित्रकार काराव्हाज्जोने १६०२ साली रोममध्ये रंगवलेले 'ख्रिस्ताची अटक' (सध्या डब्लिनच्या राष्ट्रीय कलादालनात) नीट पाहा. येशूचा शिष्य यहूदा चुंबन घेऊन सैनिकांना त्याची ओळख पटवतो आहे. त्याचा हात येशूला घट्ट धरून आहे, तर येशूची बोटे खाली एकमेकांत गुंतलेली. सगळे नाट्य या हातांत आहे! म्हणून आधी फक्त हातांची दहा-बारा रेखाटने करा. धरणे, थोपटणे आणि अडवणे यांतला फरक बोटांवरच्या दाबाने कळतो.

त्या चित्राच्या उजव्या टोकाला कंदील उंचावणारा माणूस आहे. तो स्वतः चित्रकारच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मात्र चेहऱ्यांवरचा मुख्य उजेड त्या कंदिलाचा नाही, तो डावीकडून वरून, चौकटीबाहेरून येतो. तुम्हीही उजेड एकाच जागेहून घ्या. खिडकी झाका, एकच दिवा मॉडेलच्या डोक्यापेक्षा दोनेक फूट वर आणि एका बाजूला ठेवा. समोर पांढरी भिंत असेल तर तिच्यावर काळे कापड टांगा, नाहीतर परतलेला उजेड सावल्या पातळ करतो.

आता मळकट डागांविषयी. खालचा थर वरच्या रंगातले तेल शोषतो, त्यामुळे रंग मेल्यासारखा दिसतो. बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगात हे फार होते. चित्र हाताला कोरडे लागले की जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात मिसळून, धागे न सुटणाऱ्या कापडाने मळक्या भागावर अगदी पातळ चोळा. काही मिनिटांनी जादा तेल पुसून टाका. राहिले तर पुढे पिवळे पडते. तेलाची कापडे चुरगळून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा.

पुढच्या कॅनव्हासवर ट्यूबमधला काळा थेट लावू नका. दोन भाग बर्न्ट अंबर, एक भाग अल्ट्रामरीन निळा घ्या. उबदार सावलीत अंबर वाढवा, थंड सावलीत निळा. ट्यूबमधला आयव्हरी ब्लॅक हा काळा सावकाश वाळतो. त्याच्या जाड थरावर लवकर वाळणारा अंबर चढवला तर भेगा पडतात. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ, वरच्या थरांत तेल वाढत जाईल असे पाहा.

प्रश्न : दंगलीतला जमाव चारकोलने काढतो, पण सगळेच काळे होते.
– वाचक, नांदेड

उत्तर : सुरुवात काडीच्या मऊ चारकोलने करा, तो पुसता येतो. दाबून बनवलेला चारकोल शेवटी आणि मोजक्याच जागी वापरा; तो कागदाच्या दाण्यात बसला की निघत नाही. चेहरे काळ्यातून मळता येणाऱ्या खोडरबराने उचलून काढा, तेही तीन-चारच. बाकीचा जमाव खांदे आणि माना यांवरून कळतो. फिक्सेटिव्ह (चारकोल कागदावर पक्का करणारा फवारा) साधारण ३० सेंटीमीटरवरून, दोन-तीन हलक्या फवाऱ्यांत मारा. एकदम ओले केले की करडे टोन गडद होऊन एकमेकांत मिसळतात.