कंबर दुखते का, हे मुलांना विचारायचं कसं?

प्रश्न : आठवी ते दहावीच्या मुलांमधली कंबरदुखी मोजायची म्हणून वर्गात ‘कोणाची कंबर दुखते?’ असं विचारलं. एका वर्गात निम्मे हात वर, शेजारच्या वर्गात एकही नाही. नेमकं कसं विचारावं?
– शारीरिक शिक्षण शिक्षिका, मुलुंड

उत्तर : हात वर करायला लावू नका. मुलं शेजारच्याकडे बघून हात वर करतात किंवा खाली ठेवतात. प्रत्येकाला कागद द्या, त्यावर नावाऐवजी क्रमांक, आणि बाकावर एकेकच मूल.

कागदावर पाठमोऱ्या शरीराचं चित्र हवंच. शेवटच्या बरगडीपासून नितंबाखालच्या घडीपर्यंतचा भाग रेघा मारून दाखवा. नाहीतर मान-खांद्याचं दुखणंही यातच येतं. त्याखाली विचारा : ‘गेल्या 4 आठवड्यांत या भागात दुखलं का? ताप किंवा पाळीमुळे दुखलं असेल तर धरू नका.’ उत्तर ‘हो’ असेल तर : ‘त्यामुळे एका दिवसापेक्षा जास्त काळ रोजची कामं कमी करावी लागली किंवा बदलावी लागली का?’ कंबरदुखीच्या पाहण्यांसाठी 2008 साली अनेक देशांच्या संशोधकांनी एकमताने ठरवलेली व्याख्या याच धर्तीची आहे. हा दुसरा प्रश्न गाळू नका. खो-खोनंतर संध्याकाळभर ठणकलेली कंबर आणि दप्तर घेऊन लोकलमध्ये उभं राहता येईना अशी कंबर, यांतला फरक त्यानेच कळतो.

‘आजवर कधी दुखली होती का?’ या उत्तरावर विसंबू नका, मुलं जुनं दुखणं विसरतात. 4 आठवड्यांनाही खूण द्या : ‘सहामाही संपली तेव्हापासून आजपर्यंत’. तीव्रतेसाठी 0 ते 10 आकडे; 0 म्हणजे अजिबात नाही, 10 म्हणजे याहून जास्त असूच शकत नाही. ‘बहुतेक वेळा किती?’ असं विचारा.

दप्तराचा विषय दुखण्याच्या प्रश्नांआधी काढलात तर कारण तुम्हीच सुचवल्यासारखं होईल. दप्तराचं वजन मुलांना विचारू नका, न सांगता काट्यावर करा, तेही वेगवेगळ्या वारी, कारण वेळापत्रकाप्रमाणे ते बदलतं. 2020च्या शालेय दप्तर धोरणानुसार मर्यादा शरीराच्या वजनाच्या 10 टक्के, म्हणजे 45 किलोच्या मुलाला साडेचार किलो.

आधी 20-25 मुलांना हाच कागद 2-3 दिवसांच्या अंतराने दोनदा द्या. ज्या प्रश्नाची उत्तरं उलटतात, त्याची भाषा सुधारा.

प्रश्न : पालकांनीच कागद भरला तर?
– पालक, गोरेगाव

उत्तर : नको. संमती पालकांची घ्या, मुलाचीही घ्या. उत्तर मात्र मुलाचंच. पुष्कळ दुखणी घरी सांगितलेलीच नसतात. क्रमांक-नावाची यादी एकाच जबाबदार व्यक्तीकडे कुलुपात ठेवा. रात्री झोपमोड करणारं दुखणं, सोबत ताप किंवा वजन घटणं, पायात मुंग्या, असं कोणी लिहिलं तर त्या मुलाच्या पालकांना लगेच कळवून डॉक्टरांकडे पाठवता आलं पाहिजे. पायातली ताकद कमी झाली असेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.