टाचेमागचा टेंडन रबरासारखा ताणतो का?
सोलापुरात यंत्रमागावर दिवसभर उभं राहून सकाळी टाचेमागे आखडतं, मग टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा) रबरासारखा ताणून मोकळा होईल का, असं विचारलंय. नाही होणार. टेंडन म्हणजे चादरीच्या पिळदार सुतासारखा प्रकार: कोलॅजन या प्रथिनाचे तंतू, त्यांचे जुडगे, त्या जुडग्यांचे पुन्हा जुडगे. सैल असताना तंतू नागमोडी असतात. लांबी साधारण २ टक्के वाढेपर्यंत ती नागमोडच सरळ होते, जोर फारसा लागत नाही. पुढे मात्र एकदम ताठ! ४ टक्क्यांच्या पुढे बारीक तंतू तुटायला लागतात, ८-१० टक्क्यांच्या आसपास टेंडनच तुटतो. रक्तपुरवठा कमी, त्यामुळे भरून यायला महिने जातात. म्हणून उठल्याउठल्या झटके देऊन ताणू नका, आधी थोडं चाला. सूज असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवाच.