फाइलची परवानगी ४४४ (म्हणजे सगळ्यांना फक्त वाचता येईल अशी) होती, तरी ग्रुपमधल्या सहकाऱ्याने डिलीट केली. हे कसं शक्य आहे?

शक्य आहे, आणि सिस्टीममध्ये काहीही बिघडलेलं नाही. डिलीट करताना युनिक्स फाइलची परवानगी बघतच नाही, ती ज्या डिरेक्टरीत आहे तिची बघतं.

डिरेक्टरी म्हणजे सोसायटीच्या जिन्याखालचा नावांचा बोर्ड समजा. बोर्डाच्या काचेची किल्ली ज्याच्याकडे, तो कुणाचीही पाटी काढू शकतो. त्यासाठी त्या घराची किल्ली लागत नाही. त्या डिरेक्टरीवर ‘एलएस -एलडी’ कमांड चालवून तिच्या परवानग्या बघा. ग्रुपच्या तीन अक्षरांत ‘डब्ल्यू’ (बदल करण्याची परवानगी) आणि ‘एक्स’ (आत जाण्याची) दोन्ही दिसले, की ग्रुपमधल्या कुणालाही तुमची फाइल उडवता येते. ४४४ मुळे ‘आरएम’ (फाइल काढण्याची कमांड) फक्त एकदा विचारतं; ‘वाय’ दाबलं की गेली. (‘-एफ’ लावलं तर तेही विचारत नाही.)

अंधेरीला नोकरीत असताना माझी महिनाभराची लॉग फाइल अशीच गेली होती, म्हणून कळकळीने सांगतो: डिरेक्टरी सामायिक असेल तर स्टिकी बिट लावाच. ‘सीएचमॉड +टी’ आणि पुढे डिरेक्टरीचं नाव. मग फाइलचा मालक, डिरेक्टरीचा मालक आणि रूट (सिस्टीमचा मुख्य अ‍ॅडमिन), एवढ्यांनाच ती काढता येते. सगळ्यांना खुली असलेली ‘टीएमपी’ डिरेक्टरी १७७७ असते (पहिला १ म्हणजे स्टिकी बिट) ती याचसाठी.